जुन्या ओम्नी कॅम्परचा सडका फ्लोअर आणि साडेअकरा हजाराचं गॅसलेस मिग वेल्डिंग मशीन : वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. गाडीच्या पातळ पत्र्यासाठी ५ पैकी साडेतीन, घराच्या अंगणात उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी साडेचार, अन् सोबत आलेल्या मॅन्युअलला भोपळा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नागपूरच्या इतवारीत लोखंडवाल्यांच्या लोहा ओळीत चार दुकानं फिरा, हेच मशीन निळ्या, पिवळ्या, लाल अशा वेगवेगळ्या डब्यांत वेगवेगळ्या नावानं दिसतं आणि झाकण उघडलं की आत जवळपास तेच सामान, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या टाइपच्या मशीनचा समजा. मिग म्हणजे रिळावरची वायर आपोआप पुढं सरकवून वेल्डिंग करणारं मशीन. माझं सिंगल फेज, इन्व्हर्टरवालं, १४० अँप, आत एक किलोचं वायरचं रीळ बसतं, गॅस सिलिंडर लागत नाही.

गाडी कोणती ते सांगते कारण मशीन चांगलं की वाईट हे त्यावरच ठरतं. मारुती ओम्नी, एमएच-३१ पासिंग, आधीच्या मालकानं मागे प्लायचा बेड, एक बुटकं कपाट आणि पाण्याच्या कॅनला जोडलेलं इवलंसं सिंक बसवून तिची कॅम्पर केलेली. बेड उचलून बाहेर काढता येतो, बॉडी कापलेली नाही, हे मी घेतानाच बघितलं होतं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनानं बदल चालत नाही आणि पंधरा वर्षं झालेल्या गाडीची आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करायला आरटीओत गाडी दाखवावी लागते. ओम्नी घ्यायचं कारण साधं, १९८४ पासून २०१९ पर्यंत ही गाडी बनली, पार्ट कुठंही मिळतात, ७९६ सीसीचं इंजिन समोरच्या सीटखाली, सीट उचलली की हात पोचतो. मला गाडीतलं काही म्हणजे काही येत नव्हतं, त्यामुळे हात पोचणं हाच मोठा क्रायटेरिया होता.

मॅट उचलली आणि खाली फ्लोअर नव्हताच. म्हणजे होता, पण पेचकस टेकवला की आरपार. नागपुरात कुठं आलाय समुद्र, इथं गाडी कशी गंजेल असं सगळेच म्हणतात, मीही तेच समजत होते. पण काचेच्या रबरातून पावसाळ्यात पाणी झिरपतं, ते मॅटखालच्या फोममध्ये बसतं, फोमखाली कंपनीनं आवाजासाठी चिकटवलेली डांबराची चादर असते तिच्या फटीत शिरतं आणि मग वाळतच नाही. कॅम्परमध्ये वरून सिंकचा पाइप गळतो, प्लाय ओला होऊन पत्र्याला चिकटून बसतो. वरून गाडी चकाचक, खालून चाळणी. त्यातही ड्रायव्हरच्या पायाखाली कोणीतरी पूर्वी गंजावरच नवा पत्रा ठेवून चार ठिकाणी गॅस वेल्डिंग मारलेलं, वरून लांबी (म्हणजे खड्डे भरायची पुट्टी), वरून डांबर. आतला गंज मजेत खात बसलेला.

एका गॅरेजनं २८ हजार सांगितले, दुसऱ्यानं "ताई ठिगळ मारून देतो, दिसणार नाही" म्हटलं. दिसणार नाही हीच तर भानगड होती. मग म्हटलं शिकूनच घेऊ.

आता गॅसलेस का. गाडीच्या पत्र्याला गॅरेजवाले ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते बेस्ट, ०.६ मिमीची साधी वायर, सिलिंडरमधून गॅस, टाका थंड आणि स्वच्छ पडतो. मान्य. पण सिलिंडरचं डिपॉझिट, रेग्युलेटर, रिफिलला हेलपाटे, आणि मुख्य म्हणजे माझी गाडी शेडमध्ये नाही, कंपाउंडमध्ये आंब्याखाली उभी आहे. उघड्यावर वारा आला की गॅस उडून जातो आणि टाक्यात भोकं भोकं राहतात. गॅसलेसमध्ये वायर पोकळ असते, आत फ्लक्स नावाचा मसाला भरलेला, तो जळून स्वतःच टाक्यावर धूर आणि मळीचं पांघरूण करतो, वारा असला तरी फार फरक पडत नाही. मे महिन्यात दुपारी इकडे ज्या झळा चालतात त्यात मी आरामात (म्हणजे आराम कसला, घामाच्या धारा) काम केलं आणि टाक्यात भोकं आली नाहीत. साडेचार मार्क त्याचे आहेत.

साडेतीन कशाचे तेही सांगते. ही वायर ०.८ मिमीची, डब्यावर ई७१टी-जीएस लिहिलेलं असतं, आणि ती गरम चालते. ओम्नीचा फ्लोअर मी चांगल्या जागी मोजला तर ०.८ मिमीच भरला. म्हणजे वायर जेवढी जाड तेवढाच पत्रा. मशीन अगदी कमीवर ठेवलं तरी ट्रिगर सेकंदभर जास्त दाबला की पत्रा वितळून भोक. आमच्या गल्लीत ग्रील-गेटवाले काका आहेत, त्यांना आधी वाटलं मी कुंपण करून राहिली, गाडीचं कळल्यावर येऊन बघून गेले आणि एकच गोष्ट सांगितली, "लाइन नको ओढू बाई, टिक मार अन् सोडून दे." तेच खरं. लाल झालेला ठिपका काळा पडला की पुढचा टिक, तोही शेजारी नाही, दोन-तीन सेंटिमीटर लांब, मग समोरच्या बाजूला, मग परत मधे. एका जागी टाके घातले तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो आणि मग तो सरळ करत बसा.

भोकांचा खरा इलाज तांब्याची पट्टी. सांध्याच्या मागे तांबं दाबून धरायचं, वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही आणि तांबं उष्णता ओढून घेतं, त्यामुळे भोक पडायच्या आधी टाका भरतो. इलेक्ट्रिक पॅनलमध्ये बसबार म्हणून जी पट्टी वापरतात तिचा वीतभर तुकडा घ्या. या एका तुकड्यानं माझ्या मशीनचे मार्क अडीचवरून साडेतीन झाले, हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाहीये.

डब्यातून काढल्यावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मॅन्युअलमध्ये चिनी-इंग्रजी खिचडीत कुठंतरी दडलेली आहे : पोलॅरिटी. मशीन बऱ्याचदा गॅसवाल्या वायरसाठी जोडून येतं, म्हणजे टॉर्च (वायर बाहेर येते ती हातातली बंदूक) पॉझिटिव्हला. गॅसलेस वायरला उलटं पाहिजे, टॉर्च निगेटिव्हला आणि अर्थ क्लॅम्प (गाडीच्या पत्र्याला लावायचा चिमटा) पॉझिटिव्हला. समोरचं झाकण उघडलं की दोन बोल्ट असतात, पान्यानं अदलाबदल करायची, पाच मिनिटांचं काम. नाही केली तर ठिणग्यांचा नुसता पाऊस आणि टाका पत्र्यावर चिकटल्यासारखा वर बसतो, आत जातच नाही. या मशीनला १ स्टार देऊन "बकवास" लिहिणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची भानगड हीच असणार असं माझं पक्कं मत आहे. दुसरं, वायर ओढणारा जो छोटा रोलर असतो तो खाचे-खाचेचा पाहिजे, गुळगुळीत रोलरवर ही पोकळ वायर घसरते, आणि स्क्रू जोरात आवळला तर चपटी होऊन आत अडकते. माझ्या डब्यात दोन्ही रोलर होते, गुळगुळीत बसवलेला आणि खाचेवाला पिशवीत. असं का करतात देव जाणे.

अर्थ क्लॅम्प मात्र खरोखर बकवास. पातळ पत्र्याचा, स्प्रिंग ढिली. पितळेचा क्लॅम्प वेगळा घ्या, दोनशेच्या आत येतो. आणि क्लॅम्प जिथं लावाल तिथला रंग घासून चकचकीत लोखंड काढा, नाहीतर आर्क (वायरच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) तडतड करत राहतो आणि आपण मशीनला शिव्या देत बसतो.

आता नागपूरवाल्यांसाठी खास. मशीनवर १२० अँपला ३५ टक्के ड्युटी सायकल लिहिलंय. म्हणजे दहा मिनिटांत साडेतीन मिनिटं चालवा, साडेसहा मिनिटं पंखा फिरू द्या. पण ही टक्केवारी काढतात ४० डिग्री तापमान धरून. नवतपात (मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस) आपल्याकडे सावलीतच ४५ च्या पुढं असतं बाप्पा, मशीन थंड व्हायचं कसं? (२०२४ च्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या ऑटोमॅटिक स्टेशननं ५६ डिग्री दाखवून देशभर बातमी केली होती, मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण आपल्यापैकी कोणाला ते फार खोटं वाटलं नव्हतं.) पातळ पत्र्याला ४०-५० अँपच लागतात आणि टिक-टिक मारताना मधे गॅप असतोच, त्यामुळे सकाळी काही प्रॉब्लेम नाही. दुपारी दोन वाजता उन्हात ठेवलं तर पिवळा दिवा लागून मशीन बंद. बिघडत नाही, थंड झालं की परत चालू. मी मशीन सावलीत स्टुलावर ठेवते, जमिनीवर नाही, कारण तापलेल्या फरशीची धग खालून लागते आणि ग्राइंडरची लोखंडी धूळ पंखा आत ओढतो.

लाइटचंही सांगायला पाहिजे. १६ अँपचा सॉकेट लागतो, साध्या ६ अँपच्या पिनवर लावू नका. एक्स्टेंशन २.५ स्क्वेअर मिमीच्या तांब्याच्या केबलची बनवून घ्या, बाजारातली रेडीमेड बारीक वायरची गुंडाळी तापते, गुंडाळलेली असली तर जास्तच. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या कॉलनीचे कूलर अन् एसी सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि आर्क मेल्यासारखा होतो, मग कितीही सेटिंग करा, टाके बुंदीसारखे गोळे गोळे वर बसतात. सकाळी सहा ते नऊ, तर्री पोहे खायच्या आधी, हाच बेस्ट टाइम. शेजाऱ्यांना ग्राइंडरचा आवाज तेवढा सांभाळून घ्यायला सांगा.

पत्रा लोहा ओळीतून सीआर शीट (कोल्ड रोल्ड, जस्त न चढवलेला साधा पत्रा) म्हणून मागा, २० गेज म्हणजे जवळपास ०.९ मिमी, फ्लोअरला बरोबर बसतो. दुकानदारानं मला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा दाखवला, "ताई यालेच घेऊन जा नं, याले गंजच लागत नाही." बरोबर आहे, पण त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळून जो पांढरा धूर होतो तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंगवाल्यांना हे माहीत असतं. घ्यायचाच असेल तर सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढा आणि मास्क लावा. आणि कुठल्याही कबाडीकडून ओम्नीचा किंवा मारुती ८०० चा सडका दरवाजा आणून आधी त्यावर हात बसवा, तेवढाच पातळ पत्रा, तोच रंग, तोच गंज. जाड लोखंडाच्या तुकड्यावर प्रॅक्टिस करून काही उपयोग नाही, तिथं हे मशीन कोणाच्याही हातात छान चालतं.

मशीनसोबत जो हातात धरायचा प्लास्टिकचा मुखवटा येतो तो मुलांना खेळायला द्या. ऑटो डार्क हेल्मेट (आर्क पेटला की काच आपोआप काळी होते ते) वेगळं घ्यावंच लागतं, ते बजेटमध्ये धरा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, सिंथेटिक अजिबात नाही, ओढणी नाही, चामड्याचे हातमोजे. गाडीखाली झोपून वरच्या बाजूला टाके मारायचे असतील तर कानात बोळे घाला, ठिणगी कानात जाणं म्हणजे काय ते काकांनी मला हातवारे करून दाखवलं.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, गाडी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली) असेल तर ईसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा सॉकेटही. पेट्रोलची टाकी फ्लोअरच्या खालीच आहे, ती खाली उतरवून लांब नेऊन ठेवायची, आणि रिकामी आहे म्हणून काही होत नाही असं समजायचं नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त वाईट. आतला फोम, मॅट, डांबराची चादर, प्लाय सगळं काढा. डांबर हीटगन आणि पट्टीनं निघतं, वास दोन दिवस केसातून जात नाही. जवळ पाण्याची बादली आणि पावडरचा अग्निशामक. टाके मारून झाले की लगेच आत जाऊन जेवायला बसू नका, अर्धा तास गाडीजवळच थांबा, कुठंतरी पत्र्यामागं एखादा धागा धुमसत असतो.

कुठं हे मशीन वापरलं नाही ते सांगणं गरजेचं वाटतं. ओम्नीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिस आहे. फ्लोअरची सपाट पॅनल, मागच्या चाकाची कमान, बॅटरीचा ट्रे, इतपत मी केलं. सीट बेल्टचे बोल्ट जिथं बसतात ती जागा, जॅक लावायची पेटी, सस्पेन्शनच्या जागा हे सगळं गॅरेजमध्ये सीओटूवर करून घेतलं, मी समोर उभी राहून. ही वायर एकच थर मारायच्या कामाची आहे, थरावर थर चढवायला नाही, आणि माझ्यासारख्या नवख्या माणसाचा टाका वरून छान दिसून आतून कच्चा असू शकतो. ज्या टाक्यावर माणूस बांधलेला असतो तो आपण मारायचा नाही. गॅरेजचं तेवढ्या कामाचं बिल साडेपाच हजार झालं, २८ नाही.

फिनिशिंगला मशीनपेक्षा जास्त वेळ जातो. गॅसलेसचा टाका काळ्या मळीखाली असतो, ती छोट्या हातोडीनं ठोकून, तारेच्या ब्रशनं घासून पूर्ण काढावी लागते, थोडी राहिली तरी रंगाखाली फुगते. मग ग्राइंडरला लावायची ६० आणि ८० नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती), हलक्या हातानं, नाहीतर घासून घासून शेजारचा चांगला पत्राच पातळ होतो. ज्या कोपऱ्यात गंज पूर्ण निघत नाही तिथं रस्ट कन्व्हर्टर, तपकिरी गंज काळा पडला की कळतं लागला म्हणून. त्यावर झिंक प्रायमर, सांध्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, मग रंग, खालून अंडरकोट. पोकळ जागांमध्ये मेणाचा स्प्रे. लांबी फ्लोअरला अजिबात नाही, तिथं कोण बघायला येतंय.

खर्च : मशीन ११,५००, हेल्मेट दीड हजार, एक किलो वायर सातशे-आठशे, पितळी क्लॅम्प, तांब्याची पट्टी, कॉन्टॅक्ट टिपा (टॉर्चच्या टोकाला वायर जिथून बाहेर येते त्या, दोन-तीन जास्त घ्या, वायर टोकाला चिकटून टिप वाया जाते), ग्राइंडर घरी नसेल तर तो, डिस्का. मशीनच्या किमतीत काम होईल असं धरून चालू नका, जवळपास दुप्पट पकडा.

पावसाळ्याचं एक. अर्धवट रीळ मशीनमध्येच ठेवून दिलं तर फ्लक्स दमट हवा ओढतो आणि पुढच्या वेळी टाक्यात किड्यानं खाल्ल्यासारखी भोकं येतात. रीळ काढून झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचं. जून ते सप्टेंबर मी वेल्डिंग बंदच ठेवलं, ताडपत्रीखाली वायरिंग आणि कपाटाचं काम केलं, पोळा झाल्यावर परत पत्र्याला हात लावला.

मग घ्यावं का? गाडीला एकच भोक असेल तर नका घेऊ, गॅरेजमध्ये जा. बंद शेड असेल आणि बाहेरच्या पॅनल, दरवाजे, बॉनेट असं दिसणारं काम करायचं असेल तर थोडे पैसे टाकून गॅसवर पण चालणारं मॉडेल घ्या, ते पुढंमागं सिलिंडर जोडून वापरता येतं. अंगणात उभी जुनी गाडी, फ्लोअर सडलेला, वेळ भरपूर आणि शिकायची हौस असेल तर हे पैसे वसूल करतं. आणि गाडी नसली तरी एक उपयोग आहेच. ३ मिमीच्या अँगलवर याचा टाका इतका सुंदर बसतो की तिथं मी डोळे मिटून ५ स्टार देईन, कारण मार्चमध्ये अर्ध्या कॉलनीचे कूलरचे स्टँड सडलेले निघतात आणि आता सगळे माझ्याकडे येऊन राहिले.